द्वितीय भाषेतील संभाषण आणि मेंदूचे कार्य

परळ, लालबाग, दादर या परिसरातील महाविद्यालयांत मराठी माध्यमातून आलेला विज्ञान शाखेचा विद्यार्थी तोंडी परीक्षेत इंग्रजीतून उत्तर देताना अडखळतो, तेव्हा त्याचा विषय कच्चा असल्याचे अनुमान सहज काढले जाते. हे अनुमान किती ग्राह्य आहे, याचा विचार मेंदूविज्ञानाच्या आधारे करता येतो.

बोलताना आशयाची निश्चिती, शब्दांची निवड, ध्वनींची जुळणी आणि उच्चारावयवांच्या हालचाली या क्रिया क्षणार्धात घडतात. त्यांत डाव्या अग्रखंडातील ब्रोका क्षेत्राचा मोठा वाटा असतो. पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये पॅरिस येथे त्याकडे लक्ष वेधले. द्विभाषिक व्यक्तीच्या बाबतीत मात्र एक जादा काम उद्भवते. 'उष्णता' ही संकल्पना मनात येताच तिचे मराठी आणि इंग्रजी असे दोन्ही शब्द जागे होतात व त्यांपैकी एक दाबून ठेवावा लागतो. हे नियंत्रण अग्रखंडाचा पुढील भाग, त्यालगतचा सिंग्युलेट पट्टा आणि मेंदूच्या अंतर्भागातील कॉडेट केंद्रक यांच्याकडे असते. दुसरी भाषा जितकी कच्ची, तितका या यंत्रणेवर ताण अधिक. मेंदूच्या प्रतिमांत तो वाढलेल्या रक्तप्रवाहाच्या रूपाने दिसतो. उत्तराची मांडणी आणि भाषेचे नियंत्रण यांना कार्यस्मृतीची तीच मर्यादित शिदोरी वाटून घ्यावी लागते. विराम आणि अडखळणे यांचे एक मूळ तेथे आहे.

वयाचा प्रश्न अधिक वादाचा आहे. १९९७ मध्ये 'नेचर' नियतकालिकातील एका अभ्यासात बारा द्विभाषिकांना आदल्या दिवसाचा वृत्तांत मनातल्या मनात सांगावयास लावले. उशिरा दुसरी भाषा शिकलेल्यांच्या ब्रोका क्षेत्रात दोन भाषांच्या जागा निरनिराळ्या आढळल्या. बालपणीच शिकलेल्यांत त्या जवळजवळ एकच होत्या. परंतु १९९८ मध्ये पेरानी आणि सहकाऱ्यांनी इटलीत केलेल्या अभ्यासात (तो श्रवणाचा होता, संभाषणाचा नव्हे) शिकण्याच्या वयापेक्षा प्रावीण्य अधिक निर्णायक ठरले. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० मध्ये आली. तत्पूर्वी मराठी शाळांत ती पाचवीपासून होती. उच्चारांवर वयाचा ठसा राहतो, हे खरे. तथापि नित्य वापराने प्रावीण्य वाढले की नियंत्रणाचे श्रम घटतात. केवळ लवकर आरंभ केल्याने हे साधत नाही.

येथे गिरणगावाचा भाषिक वारसा विसरून चालणार नाही. घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात मुंबईची हिंदी असा भाषापालट करणाऱ्या लालबागच्या मुलाला भाषा निवडण्याची आणि दाबण्याची सवय लहानपणापासूनच असते. त्याला उणीव असते ती इंग्रजी बोलण्याच्या संधीची. वर्गात इंग्रजी ऐकणे आणि लिहून घेणे पुष्कळ होते, बोलणे जवळजवळ नाहीच. त्यामुळे तोंडी परीक्षेत अडखळलेला प्रश्न पुन्हा मराठीतून विचारला, तर अडचण विषयाची की भाषेची हे परीक्षकास तेथल्या तेथे कळू शकते.

अधिक सक्रियता म्हणजे दोष, असेही समजू नये. पार्कर जोन्स आणि सहकाऱ्यांच्या २०१२ मधील अभ्यासात, चित्रांची नावे सांगताना व शब्द मोठ्याने वाचताना द्विभाषिकांच्या डाव्या गोलार्धातील पाच भागांत एकभाषिकांपेक्षा अधिक सक्रियता आढळली. आणि ती मातृभाषेत बोलतानाही होती. तेव्हा अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या प्राध्यापकाचा मेंदूही मराठी बोलताना हे जादा काम करीतच असावा.