शाळा वाढल्या, नोकऱ्या कुठे गेल्या?

उत्तर प्रदेशच्या सचिवालयाने २०१५ मध्ये शिपायांच्या ३६८ जागांसाठी अर्ज मागवले. अट साधी होती: पाचवी पास आणि सायकल चालवता यायला हवी. अर्ज आले तेवीस लाखांवर. त्यात दीड लाखाहून अधिक पदवीधर होते आणि २५५ जण चक्क पीएच.डी. झालेले. बातमी देशभर गाजली, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि शिक्षण वाया गेले, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले. याच्या अगदी उलट टोकाची समजूतही तेवढीच पक्की आहे. गावोगाव शाळा काढा, तालुक्याला कॉलेज द्या, देश आपोआप वर येईल! विकसनशील देशांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे अनुभवले त्यापुढे या दोन्ही समजुती टिकत नाहीत.

बेकारी म्हणजे न शिकलेल्यांचे दुखणे, असे अनेकांना वाटते. आकडे उलटेच बोलतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या २०२४ च्या अहवालानुसार, भारतात २०२२ साली लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते आणि पदवीधर तरुणांमध्ये २९.१ टक्के. जवळजवळ नऊपट.

पण यावरून ‘न शिकलेलाच बरा’ असे कोणी म्हणू लागले तर तो आकड्याला फसला. पाहणीत बेकार ठरायचे तर माणूस कामाच्या शोधात हवा आणि हाताला काम नको. शेतमजुराला ही चैन परवडत नाही. आज मजुरी नाही तर संध्याकाळी चूल नाही, म्हणून तो मिळेल ते काम मिळेल त्या दराने करतो आणि ‘रोजगारात’ मोजला जातो. चालू आठवड्याचा निकष लावला तर सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही बेकार ठरत नाही. पदवीधराच्या मागे बहुधा बापाची दोन एकर जमीन, भावाचा पगार किंवा आईचे दागिने असतात, म्हणून तो थांबू शकतो. बेकारीचा आकडा पुष्कळदा गरिबी मोजतच नाही, वाट पाहण्याची ऐपत मोजतो.

हे वाट पाहणे किती महागात पडते ते तमिळनाडूत दिसले. २००१ ते २००६ या काळात तिथल्या सरकारने बहुतेक नोकरभरती थांबवली होती. जागाच नाहीत म्हटल्यावर मुले दुसऱ्या वाटेला लागतील, असा कुणाचाही अंदाज असेल. अर्थशास्त्रज्ञ कुणाल मंगल यांच्या अभ्यासात मात्र वेगळेच निघाले. मुलांनी सरकारी भरतीच्या परीक्षेच्या तयारीत आणखी वेळ घातला, आणि भरती पुन्हा सुरू झाल्यावर दहा वर्षांनीही त्या तुकड्यांची कमाई इतरांपेक्षा कमीच होती. परीक्षेसाठी घोकलेले बाहेरच्या कामात उपयोगी पडले नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत अभ्यासिका, मेस आणि ‘पुढची ॲड (भरतीची जाहिरात) कधी?’ या एका प्रश्नावर पंचविशी ओलांडणाऱ्या मुलांना हे वेगळे सांगायला नको. ती आळशी नाहीत. सरकारी आणि खासगी नोकरीतली पगाराची, सुरक्षिततेची आणि लग्नाच्या बाजारातली तफावत पाहिली तर त्यांचा हिशेब अगदी चोख आहे. तोटा होतो तो सगळ्यांनी एकाच वेळी तोच हिशेब केल्यामुळे.

इजिप्तने तर वाट पाहणाऱ्यांची ही रांग सरकारी आदेशाने उभी केली. राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या राजवटीत, १९६० च्या दशकात, प्रत्येक पदवीधराला सरकारी नोकरीची हमी देण्यात आली. हेतू उदात्त होता. हमी आहे म्हटल्यावर बाहेर कशाला मागणी आहे हे पाहण्याचे कारण उरले नाही, कॉलेजे भरत गेली, कचेऱ्या फुगल्या आणि नेमणुकीची वाट पाहण्याचा काळ वर्षानुवर्षांचा झाला.

सुशिक्षित बेकाराची प्रतिमा जगाच्या डोक्यात किती घट्ट बसली आहे, याचा नमुना ट्युनिशियात सापडतो. १७ डिसेंबर २०१० रोजी सिदी बुझिद गावात महंमद बुअझीझीने स्वतःला पेटवून घेतले आणि अरब देशांतल्या उठावांना तोंड फुटले. तो बेकार पदवीधर होता, असे तेव्हा छापून आले आणि अजूनही अधूनमधून छापून येते. प्रत्यक्षात तो हातगाडीवर फळे विकायचा आणि त्याचे हायस्कूलही पुरे झालेले नव्हते. त्याच्याकडे काम होते. माल जप्त करून ते करू दिले जात नव्हते, हे त्याचे दुःख होते. पदवीची कथा मात्र सोयीची होती, म्हणून तीच पसरली.

मग शाळांमुळे देश पुढे जातो की नाही? इथे एका माणसाचा फायदा आणि साऱ्या देशाचा फायदा वेगळे धरावे लागतात. इंडोनेशियाने १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. ज्या भागात शाळा जास्त बांधल्या तिथली मुले पुढे किती शिकली आणि १९९५ मध्ये किती कमावत होती, हे एस्थर डुफ्लो यांनी तपासले. डुफ्लो म्हणजे २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या एक मानकरी. मुले जास्त शिकली होती आणि त्यांची मजुरीही वाढली होती. म्हणजे शिकलेल्याला शिक्षण फळते, यात फारसा वाद नाही.

पण डुफ्लो यांचा हा अभ्यास प्रसिद्ध झाला नेमक्या त्याच वर्षी, २००१ मध्ये, लँट प्रिचेट या अर्थशास्त्रज्ञाचा ‘हे सगळे शिक्षण गेले कुठे?’ अशा अर्थाच्या मथळ्याचा निबंध प्रसिद्ध झाला. १९६० नंतरच्या पंचवीस वर्षांत ज्या देशांतल्या कामगारांचे शिक्षण झपाट्याने वाढले, त्या देशांत दर कामगारामागचे उत्पादन त्या प्रमाणात वाढलेले त्याला दिसले नाही. त्याने तीन शक्यता मांडल्या. एक म्हणजे शिकलेली डोकी परवाने, दलाली आणि खुर्च्यांच्या मागे लागली. तिथे एकाचा लाभ हा दुसऱ्याचा तोटा असतो. दुसरी, शाळेत शिकणेच झाले नाही. आणि तिसरी, शिकलेल्यांना सामावून घेणारे कामच वाढले नाही.

यातली दुसरी शक्यता तपासायला कागदाचा एक तुकडा पुरतो. मुंबईतल्या वस्त्यांतून काम सुरू केलेली ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. कार्यकर्ते शाळेत जात नाहीत, खेड्यात घरी जातात. मुलापुढे एक कागद धरतात. त्यावर काही अक्षरे, काही शब्द, चार सोपी वाक्ये आणि दुसरीच्या पातळीची एक छोटी गोष्ट एवढेच असते. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या साधारण पाच मुलांपैकी एकालाच ती गोष्ट वाचता आली. २०२४ मध्ये हे प्रमाण सुधारून २७ टक्क्यांवर आले. पटावर नाव जवळजवळ प्रत्येक मुलाचे आहे. उलट व्हिएतनाम पाहा. दरडोई उत्पन्नात श्रीमंत देशांच्या कितीतरी मागे असलेला हा देश २०१२ मध्ये ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत उतरला आणि विज्ञानात आठवा आला. गणितात त्याचे ५११ गुण, अमेरिकेचे ४८१. तिथली पंधरा वर्षांची बरीच मुले शाळेबाहेर असल्याने चाचणीत नव्हती, ही वजावट केली तरी गरीब देशात चांगले शिकवता येत नाही या समजाला त्यानंतर जागा राहिली नाही.

पैसा कुठे खर्च होतो, हाही यातलाच प्रश्न. रयतेच्या करातून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्राथमिक शाळा मिळत नाही, हे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे लेखी मांडले होते. दक्षिण कोरियाने स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षण आधी सार्वत्रिक केले, विद्यापीठांचा विस्तार नंतर. भारताने आणि इजिप्तने बरीच वर्षे याच्या उलट ओढ ठेवली.

‘पुस्तकी शिक्षण बंद करा, हाताला कौशल्य द्या’ हा तर दर दहा वर्षांनी नव्याने सापडणारा उपाय. ब्रिटिश अमलातल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, तो फार जुना होता. मुलांच्या डोक्यात कारकुनीचे खूळ आहे, त्यांना सुतारकी आणि शेती शिकवली की ते उतरेल, असे साहेब लोकांना वाटे. फिलिप फॉस्टर या अभ्यासकाने १९६५ च्या एका निबंधात दाखवून दिले की खूळ-बिळ काही नव्हते. पगार कचेरीत होता, म्हणून मुले कचेरीकडे जात होती. तांत्रिक शाळेतून बाहेर पडलेली मुलेही संधी मिळताच टेबलाचीच नोकरी पकडत. अभ्यासक्रम बदलून नोकऱ्यांची रचना बदलत नाही. आपल्याकडे आयटीआयच्या भिंतींना नवा रंग देण्याआधी हा जुना निबंध कोणीतरी वाचायला हरकत नाही.

आणखी एक समजूत अशी की आधी पिढी शिकवून तयार करावी लागते, मग उद्योग येतात. बांगलादेशची गोष्ट इथे सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथून तयार कपड्यांची निर्यात जवळजवळ शून्य होती. नूरुल कादर या माजी सनदी अधिकाऱ्याने ‘देश गारमेंट्स’ ही कंपनी काढून दक्षिण कोरियाच्या देवूशी करार केला. देवूचीही गरज होती. श्रीमंत देशांनी १९७४ मध्ये कापडाच्या आयातीवर देशनिहाय कोटा घातला होता, कोरियाचे हात बांधले गेले होते आणि बांगलादेशाला कोटा लागू नव्हता. १९७९ मध्ये ‘देश’ची १३० माणसे कोरियात पुसानच्या कारखान्यात शिकायला गेली. शिवणयंत्रे चालवणे, मालाची तपासणी, खरेदीदाराशी बोलणी, सगळे तिथेच काम करता करता शिकली. १९८० मध्ये चितगावला यंत्रे सुरू झाली. पहिल्या वर्षी ४३ हजार शर्ट गेले, किंमत ५५ हजार डॉलर. १९८७ मध्ये २३ लाख शर्ट.

त्याहून मोठी गोष्ट कंपनीच्या बाहेर घडली. तोवर त्या १३० पैकी ११५ जण ‘देश’ सोडून गेले होते. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाच्या दृष्टीने तोटाच, पण कौशल्य असेच पसरते. सरकारने दोन सोयी केल्या: निर्यातीसाठी लागणारे कापड बाँडेड गोदामात शुल्काशिवाय आणू दिले, आणि परदेशी खरेदीदाराच्या पतपत्राच्या आधारावर त्या कापडासाठी बँकेचे पतपत्र मिळू दिले. त्यामुळे खिशात भांडवल नसलेल्यालाही धंद्यात उतरता आले. आज देशाच्या निर्यातीतला चार-पंचमांशाहून अधिक वाटा कपड्यांचा आहे आणि सुमारे चाळीस लाख लोक त्यात आहेत, निम्म्याहून अधिक बाया.

आणि शाळा? रेचल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवले की कारखान्यांच्या जवळच्या गावांत मुली जास्त काळ शाळेत टिकल्या आणि त्यांची लग्ने उशिरा झाली. शिलाईच्या कामातही आकडेमोड आणि चार अक्षरे येणारीला पैसे जास्त, हे आईबापांनी पाहिले होते. दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांतही तेच आढळले. रॉबर्ट जेन्सन यांनी काही निवडक गावांत तीन वर्षे कॉल सेंटरची भरती करणारी माणसे पाठवली. शाळा तीच, शिक्षक तेच, पण त्या गावांत लहान मुलींची शाळेतली नोंद वाढली. फिलिपिन्समध्ये अमेरिकेने परिचारिकांसाठी व्हिसा वाढवले तेव्हा इतक्या मुली नर्सिंगला गेल्या की बाहेर गेलेल्या प्रत्येक परिचारिकेमागे नऊ जादा परिचारिका परवाना घेऊन तयार झाल्या. ‘हुशार माणसे परदेशी गेली, देश रिकामा झाला’ हे म्हणणे त्यामुळे नेहमीच खरे ठरत नाही.

कारखाना म्हणजे सगळ्याचे उत्तर, असा नवा गैरसमज मात्र यातून करून घेऊ नये. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक कामगार मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावले होते.

शिवाय ही नोकरी पाचवी-आठवी झालेल्या मुलीला सामावून घेते. तिच्या धाकट्या भावाला पदवी मिळाल्यावर त्याच्या जोगे काम त्या मजल्यावर फारसे नसते. हिशेबनीस, अभियंता, खरेदी-विक्रीचे जाणकार किती लागणार? तोही मग सरकारी परीक्षेच्याच रांगेत येतो. २०२४ च्या जून महिन्यात ढाक्याच्या उच्च न्यायालयाने सरकारी नोकऱ्यांमध्ये मुक्तियोद्ध्यांच्या वारसांसाठी ३० टक्के राखीव जागांची पद्धत पुन्हा लागू केली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शेकडो माणसे मारली गेली आणि ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना यांना देश सोडून भारतात यावे लागले. पंधरा वर्षांचे त्यांचे सरकार ज्या आंदोलनाने पडले, त्याची सुरुवात सरकारी नोकऱ्यांच्या जागांवरून झाली होती.