बंद पडलेली मोटार पुन्हां सुरू करतांना आगीपासून सावधगिरी

शेतकऱ्याच्या घरीं कोणतीहि वस्तु सहसा फेंकून दिली जात नाहीं. मोडका नांगर, जुनी मोट, एकच चाक शिल्लक राहिलेली गाडी, हीं सारीं गोठ्याच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षें पडून असतात. गेल्या कांहीं वर्षांत या अडगळींत मोटारीचीहि भर पडली आहे. १९५८ पासून २०१४ पर्यंत बनत राहिलेली अम्बॅसडर, १९८३ सालीं प्रथम रस्त्यावर आलेली मारुती ८००, अथवा एखादी जुनी पेट्रोलची जीप वडिलांनीं हौसेनें घेतलेली असते. पुढें ते थकतात, मुलें शहरांत जातात, आणि मोटार वैरणीच्या छपराखालीं उभी राहते. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर कडब्याच्या पेंढ्या आणि शेजारीं दावणीला बांधलेलीं जनावरें, असें दृश्य अनेक वस्त्यांवर पाहावयास मिळतें. मग कधीं घरांत लग्न निघतें, कधीं गिऱ्हाईक पाहावयास येतें, आणि कोणी तरी सहज म्हणतो, "बॅटरी लावून बघूं, चालूं होते का." त्या बोलण्यानंतरच्या तासाभराविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

सामान्य समजूत अशी आहे कीं, पडून राहिलेली मोटार फार तर सुरू होणार नाहीं. त्याहून अधिक नुकसान तें काय व्हावयाचें? ही समजूत घातक आहे. उभ्या यंत्राची झीज थांबत नाहीं, ती केवळ दिसेनाशी होते. आग लागण्यास इंधन, हवा आणि ठिणगी अथवा उष्णता या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात. रोज चालणाऱ्या मोटारींत पेट्रोल नळींत बंदिस्त असतें व ठिणगी सिलिंडरांत बंदिस्त असते. चार-पांच वर्षें उभ्या राहिलेल्या मोटारींत हे दोन्ही बंदोबस्त ढिले झालेले असतात, आणि किल्ली फिरवितांच त्यांची गांठ पडते. म्हणजे आगीची तयारी आधींच होऊन बसलेली असते. आपण फक्त शेवटची कृति करतों.

पेट्रोलचा स्वभाव

जळतें तें पेट्रोल नव्हे, तर त्याची वाफ. पाणी गोठण्याच्या बिंदूखालीं सुमारें ४० अंश सेल्सिअस इतक्या थंडींतहि पेट्रोलवर पेट घेण्याजोगी वाफ जमते; मग आपल्याकडील वैशाखांत काय होत असेल याचा विचार वाचकांनींच करावा. हवेच्या शंभर भागांत ही वाफ सुमारें दीड ते साडेसात भाग मिसळली कीं तें मिश्रण एका ठिणगीनें पेटतें. शिवाय ही वाफ हवेपेक्षां तीन ते चार पटींनीं जड असते. ती वर निघून जात नाहीं. पाण्याप्रमाणें सखल भागाकडे सरकते व गव्हाणींत, मोरींत किंवा जमिनीलगत सांचून राहते. त्यामुळें गळती मोटारीखालीं आणि विडी दहा हात दूर, एवढ्यानें निर्धास्त होतां येत नाहीं.

नळ्या, कार्ब्युरेटर व इथेनॉल

टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या मार्गांत कांहीं तुकडे रबरी नळीचे असतात. उष्णतेनें व काळानें तें रबर कडक होतें व त्यास सूक्ष्म चिरा पडतात. कोरड्या नळीवर त्या दिसत नाहींत. ती वांकविली म्हणजे दिसतात. त्यांत आतां एक नवी गोष्ट आली आहे. आपल्याच उसापासून व धान्यापासून बनणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळलें जातें, आणि २०२५ सालापर्यंत हें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत गेलें. ऊस-उत्पादकास ही गोष्ट लाभाची आहे. परंतु जुन्या मोटारींचें रबर या मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. तें फुगतें, मऊ पडतें व झिरपूं लागतें. इथेनॉल हवेंतील ओलावाहि शोषून घेतें, त्यामुळें टाकींत पाणी जमून गंज चढतो.

जुनें पेट्रोल उडून गेलें कीं मागें चिकट राळ उरते. ही राळ कार्ब्युरेटरांतील फ्लोटच्या सुईस धरून ठेवते. सुई मिटली नाहीं म्हणजे पंप पेट्रोल ढकलीत राहतो, वाटी भरून वाहूं लागते, आणि तें पेट्रोल ठिबकून धूर वाहून नेणाऱ्या नळकांड्यावर पडतें. इंजिन कांहीं मिनिटें चाललें कीं हें नळकांडें शेकडो अंश तापतें. पुढें काय होतें तें सांगावयास नको.

ज्या मोटारींत कार्ब्युरेटर नसून इंजेक्शनची पद्धति आहे, त्यांत सुईचें भय नाहीं. पण तेथें नळींतील दाब बहुधा ३ बारच्या आसपास असतो. चीर पडलेली नळी तेथें ठिबकत नाहीं, फवारा मारते.

उंदरांचें राज्य

वैरणीजवळ उभ्या असलेल्या मोटारींत उंदीर शिरले नाहींत, असें क्वचितच घडतें. ते तारांवरील वेष्टण कुरतडतात व उघड्या तारा लोखंडास लागण्याची सोय करून ठेवतात. ते हवा गाळण्याच्या डब्यांत, इंजिनाच्या खांचांत आणि धुराच्या नळकांड्याच्या कुशींत कापूस, चिंध्या व कडब्याचा भुगा नेऊन घरटीं करतात. उत्तम वाळलेलें हें सरपण इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागावर रचलेलें असतें. ज्यांचा ट्रॅक्टर अथवा जीप डिझेलची आहे त्यांनींहि हा भाग दुर्लक्षूं नये. डिझेल पेट्रोलइतकें सहज पेटत नाहीं. घरटें मात्र कोणत्याहि इंजिनावर सारखेंच पेटतें.

करावयाचीं कामें, क्रमवार

पहिलें काम मोटार छपराबाहेर काढण्याचें. चाकें जाम झालीं असतील तर बैलजोडी लावावी, ट्रॅक्टरनें ओढावी, परंतु गंजीजवळ किंवा गोठ्यांत किल्ली फिरवूं नये. जागा मोकळी, वाळलें गवत नसलेली व वैरणीपासून निदान पन्नास-साठ फूट दूर असावी. वारा गंजीकडे वाहत असेल तर तो दिवस सोडून द्यावा. एवढें एकच काम केलें तरी आग लागल्यास मोटारच जाईल, गोठा वांचेल.

दुसरें, बॅटरी जोडण्यापूर्वीं सफाई. इंजिनावरील झाकण उघडून हातांत जाड मोजे घालून सर्व घरटीं काढावीं. गाळणीचा डबा उघडून पाहावा. तारांवरून नजर फिरवावी व कुरतडलेली प्रत्येक तार बदलावी. उघड्या तारेवर चिंधी गुंडाळणें म्हणजे दुरुस्ती नव्हे.

तिसरें, टाकींतील जुनें पेट्रोल पूर्ण काढून धातूच्या बंद डब्यांत भरावें. तें विहिरीजवळ, ओढ्यांत अथवा बांधावर ओतूं नये. हें काम चालूं असतां जवळ चूल, विडी, विजेची ठिणगी कांहीं नसावें. टाकींत गंज असल्यास ती धुवून घ्यावी. सर्व रबरी नळ्या व त्यांच्या पट्ट्या नव्या घालाव्या, आणि त्या आजच्या मिश्रित पेट्रोलास टिकणाऱ्या आहेत ना, हें दुकानदारास विचारून घ्यावें. कार्ब्युरेटर जाणत्या मिस्त्रीकडून खोलून साफ करवावा. या साऱ्याचा खर्च एका पेटलेल्या गंजीपुढें क्षुल्लक आहे.

चौथें, दोन-तीन लिटरच नवें पेट्रोल घालावें व ठिणगीआधीं गळती पाहावी. इंजेक्शनच्या मोटारींत किल्ली अर्धी फिरविली म्हणजे पंप क्षणभर चालून नळींत दाब येतो. कांहीं जुन्या पंपांस हातानें चालविण्याची दांडी असते. तीहि सोय नसेल, तर ठिणगीची तार काढून ठेवून सेल्फनें इंजिन थोडें फिरवावें. नंतर टाकीपासून इंजिनापर्यंत प्रत्येक सांध्यावर कोरडें फडकें फिरवावें. फडकें ओलें झालें किंवा वास आला तर काम तेथेंच थांबवावें.

पांचवें, बॅटरी. भरतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, व हवेंत तो ४ टक्के झाला तरी पेटूं शकतो. दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीनें सुरू करावयाचें असल्यास प्रथम धन टोकें जोडावीं, मग चांगल्या बॅटरीचें ऋण टोंक, आणि शेवटची जोडणी बंद मोटारीच्या बॅटरीवर न करतां तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या लोखंडावर करावी. ठिणगी उडालीच तर ती वायूपासून दूर उडते.

सहावें, माणसें दोन असावीं. एकानें किल्लीवर बसावें. दुसऱ्यानें कोरड्या पावडरीचें अग्निशामक नळकांडें हातांत घेऊन बाजूस उभें राहावें. सेल्फ एका वेळीं आठ-दहा सेकंदांहून अधिक मारूं नये, मध्यें विसावा द्यावा. सारखा सेल्फ मारल्यानें तारा तापतात व न जळलेलें पेट्रोल सायलेन्सरांत सांचतें.

जें कदापि करूं नये

इंजिन दाद देत नाहीं असें दिसतांच गाळणी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडांत बाटलीनें पेट्रोल ओतण्याची रीत सर्वत्र आहे. पडून राहिलेल्या इंजिनाच्या झडपा अडकलेल्या असूं शकतात. अशा वेळीं सिलिंडरांतील जाळ उलट मार्गानें बाहेर भडकतो. गाळणी जागेवर असती तर तिनें तो बव्हंशीं अडविला असता. येथें त्याच्या तोंडाशीं माणसाचा चेहरा आणि हातांत उघडी बाटली असते. कामाची ही रीत कितीहि वाकबगार मिस्त्रीची असो, तीस आपल्या अंगणांत परवानगी देऊं नये.

आग लागलीच तर

किल्ली बंद करून प्रथम माणसांनीं बाहेर पडावें. इंजिनावरील झाकण पूर्ण उघडूं नये. हवा मिळतांच जाळ उसळतो. फटींतून पावडर मारावी. पेट्रोलवर पाणी ओतूं नये. पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवितें. वाळू व कोरडी माती चालते. ज्वाळा टाकीकडे गेल्या कीं मोटारीचा मोह सोडावा, जनावरांचीं दावीं कापावीं, व ११२ या क्रमांकावर कळवावें. तालुक्याहून बंब येईपर्यंत वस्तीवरील गंजी थांबत नाहीं, हें ध्यानांत ठेवून मोटारीकडे नव्हे, वैरणीकडे पाणी न्यावें.

महसूल खात्याच्या नोकरींत जळिताचे पंचनामे अनेक लिहावे लागले. त्यांत जळालेला कडबा, दगावलेलीं जनावरें, गोठ्याचे वासे यांची मोजदाद होते. परंतु भरपाईचा विचार येतां कागद पाहिले जातात. पडून असलेल्या मोटारीचा विमा बहुधा संपलेला असतो, आणि केवळ त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असल्यास स्वतःच्या मोटारीस लागलेली आग त्यांत मोडत नाहीं. पंधरा वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणीचें नूतनीकरण झालें आहे का, हेंहि पाहावें लागतें. तेव्हां कागदांची चौकशी किल्ली फिरविण्याआधीं करावी.

सुरू झाल्यानंतर

इंजिन बोलूं लागलें कीं सर्वांस आनंद होतो, व तेथेंच लक्ष सुटतें. निदान पंधरा मिनिटें कोणीहि जागा सोडूं नये. मोटारीखालीं वांकून पाहावें, वास घ्यावा, धूर कोठून येतो तें पाहावें. बंद केल्यावरहि तापलेलें लोखंड बराच वेळ उष्णता धरून असतें, म्हणून अर्ध्या तासानें पुन्हां पाहावें. ती रात्र मोटार उघड्यावरच राहूं द्यावी. सकाळीं खालची जमीन कोरडी दिसली तरच तिला छपराखालीं घ्यावी. त्या छपराखालीं वैरण नसावी, हें उत्तम.

पुन्हां बराच काळ उभी ठेवावयाची झाल्यास पेट्रोल काढून घ्यावें, बॅटरीचें ऋण टोंक सोडावें, आणि नळ्या कोणत्या महिन्यांत बदलल्या तें एका चिठ्ठीवर लिहून ती स्टिअरिंगला बांधावी. पुढल्या खेपेस किल्ली फिरविणारा कदाचित् घरांतील लहान मुलगा असेल. त्याच्या हातीं ती चिठ्ठी पडली पाहिजे.