यादी कोणी राखायची?

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीची राजधानी भूकंपाने उद्ध्वस्त झाली. त्यात देशाच्या नकाशा-संस्थेची इमारतही कोसळली. मदतीस धावलेल्या संस्थांना रस्ते, वस्त्या, लोकसंख्या यांची विश्वसनीय माहिती द्यायची कोणी? देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते रेखाटून नकाशा उभा केला. हे कौतुकास्पद खरे. पण ती पूर्वतयारीच्या अभावाची कबुलीही होती.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या स्थायी समितीने सामायिक आधारमाहितीविषयी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. गावाचे नाव कोणी फ्रेंच वळणाने लिहो वा क्रेओल, त्याचा संकेतांक एकच असावा, आणि प्रत्येक माहितीसंचाला पालक असावा, हा त्यांचा आशय. लोकसंख्येच्या आकड्यांचा भार पुढे संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने उचलला. सीमा कोणती खरी, हे मात्र त्या देशाच्या सरकारनेच सांगावे. परंतु तिची प्रत एकाच इमारतीत का असावी?

सर्वांची ती कोणाचीच नाही, ही गत कचेरीतल्या सामायिक नोंदवहीचीही होते, हे आमच्या कारकून वाचकांस सांगावयास नको! संकट ओसरले की नव्या वस्त्या वसतात, यादी मात्र जुनीच राहते. अन्नौषधांना देणगीदार मिळतो. ती यादी राखणाऱ्या चार माणसांच्या वेतनाला तो शोधावा लागतो.