वाट एक, हद्दी अनेक
सार्वजनिक सोयी : लेखांक सहावा

गेल्या लेखांकात बाजारपेठांतील स्वच्छतागृहे आणि त्यांच्या देखभालीचे मक्ते यांचा विचार आपण केला. आज ज्यांना या सोयीची निकड सर्वांत अधिक आणि तरीही आराखडा आखताना ज्यांची आठवण सर्वांत शेवटी होते, त्या प्रवाशांकडे, म्हणजे गरोदर स्त्री, ओली बाळंतीण आणि तान्हे मूल घेऊन निघालेले आईबाप यांच्याकडे वळावयाचे आहे. उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही दोन तालुक्याची गावे घेतली आहेत. कारण दवाखाना, कचेरी, बाजार, एस.टी. आणि आगगाडी या पाचही कामांसाठी आसपासच्या वाड्यापाड्यांचा राबता या दोन गावांकडेच असतो.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची विनामूल्य तपासणी होते. त्या दिवशी डोंगरालगतच्या एखाद्या वाडीतून निघालेली स्त्री पायवाटेने डांबरी रस्ता गाठते, मिनीडोरमध्ये दाटीवाटीने बसते आणि तालुक्याच्या गावी उतरून रांगेत उभी राहते. निघताना सासू म्हणते, "थोडं पाणी तरी पिऊन नीघ गं." उत्तर ठरलेले असते : "नको आई, वाटेत पंचाईत होते." रुग्णालयात मात्र तिला पहिली सूचना मिळते ती लघवीचा नमुना देण्याची, आणि सोनोग्राफी असेल तर कित्येकदा भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून बसण्याची. सकाळपासून घोटभर पाणी टाळलेल्या देहाला दुपारी असा उलटा हुकूम सुटतो, आणि परतीच्या वाटेवर त्याचे परिणाम तिने एकटीनेच निस्तरावयाचे असतात.

हे पाणी टाळणे निरुपद्रवी नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत गर्भाशय ओटीपोटातच वाढत असल्यामुळे त्याचा भार मूत्राशयावर पडतो. मधल्या महिन्यांत ते वर सरकून थोडी उसंत देते. आणि अखेरच्या आठवड्यांत बाळाचे डोके खाली उतरले की तोच दाब पुन्हा वाढतो. मूत्रपिंडे या काळात एरवीच्या सुमारे दीडपट गाळणी करीत असतात, तर संप्रेरकांच्या प्रभावाने मूत्रवाहिन्या सैलावून त्यांतील प्रवाह मंदावतो, आणि मंदावलेल्या प्रवाहात, त्यातही पाणी टाळल्यास, जंतूंना आश्रय मिळतो. मूत्रमार्गाचा हा संसर्ग वेळीच आवरला नाही, तर तो मूत्रपिंडापर्यंत चढतो आणि मुदतपूर्व प्रसूतीचेही निमित्त होऊ शकतो. प्रसूतीनंतरचे दिवस यापेक्षा सुखाचे नसतात. अंगावरून जाणे कित्येक आठवडे चालू राहते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुबळे झाल्याने कित्येकींचा लघवीवर ताबा राहत नाही, आणि टाके असल्यास स्वच्छ पाण्यावाचून एक दिवसही भागत नाही.

आता वाटेचा विचार करू. पेणहून रोह्याकडे जाणारी बाई ज्या स्थानकावर एस.टी.त बसते, ते राज्य परिवहन महामंडळाच्या मालकीचे असते. बाजारातील मुतारी नगरपरिषदेच्या अखत्यारीत येते. वडखळ-नागोठण्याचा महामार्ग केंद्र सरकारचा असतो आणि रुग्णालय आरोग्य खात्याचे. तिने आगगाडी पत्करली, तरी सुटका नाही. मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेचा आरंभ होतो, तो रोह्यालाच. प्रत्येक खात्याच्या दप्तरी आपापल्या हद्दीपुरती सोय झाल्याची नोंद असू शकते, आणि तरीही तिच्या सबंध वाटेवर पाणी असलेले, कडी लागणारे, उघडे असे एकही ठिकाण नसू शकते. तिची वाट एकच असते. हद्दी तेवढ्या अनेक असतात, आणि कोणत्याही खात्याचा हिशेब तिच्या घरापासून रुग्णालयापर्यंतचा नसतो.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत हीच विभागणी एका खोलीच्या आत शिरलेली दिसते. राज्यातील बसस्थानकांवर स्तनपानासाठी हिरकणी कक्ष निर्माण झाले. ही योजना स्तुत्यच होती, आणि रायगडाचा कडा उतरणाऱ्या त्या गवळणीचे नाव या जिल्ह्याला तर विशेष जवळचे. परंतु अंगावर पिणारे नवजात मूल बहुधा पिणे आटोपताच शी करते आणि दिवसाकाठी सहा-आठ लंगोट सहज ओले करते. आडोसा आणि खुर्ची एवढ्याच सामग्रीच्या खोलीत पाजून झालेली आई मग बाहेर फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर दुपटे पसरते, एका हाताने मुलाचे दोन्ही पाय उचलून धरते, दुसऱ्या हाताने बाटलीतले पाणी ओतून पुसते, आणि ओला लंगोट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून तीच पिशवी खाऊच्या पिशवीशेजारी ठेवते. चार महिन्यांच्या कोकणी पावसात तो बाकही कोरडा नसतो.

येथे लागते ते फार थोडे : कमरेइतक्या उंचीवर कडा असलेली, धुता येणारी एक फळी, शेजारी नळ, पिशवी अडकवण्यास खुंटी आणि झाकणाची बादली, कारण ती नसली की डायपर शौचकूपात जातो आणि सबंध नळी तुंबते. ही फळी केवळ स्त्रियांच्या स्वच्छतागृहात बसवणेही योग्य नव्हे. आई तपासणीच्या रांगेत उभी असताना मूल बापाच्या खांद्यावर असते, आणि त्या बापाला आत प्रवेश नसतो. अमेरिकेने २०१६ मध्ये कायदा करून केंद्र सरकारच्या सार्वजनिक इमारतींत स्त्री-पुरुष दोघांच्याही स्वच्छतागृहांत अशी सोय ठेवण्याचे बंधन घातले; आपल्याकडे दोघांना खुली अशी एक स्वतंत्र लहान खोली पुरेल.

कायद्याचे पाठबळ नाही, असे म्हणण्यास जागा उरलेली नाही. सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे व राखणे हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमान्वये नगरपरिषदांचे आवश्यक कर्तव्य आहे. पुरुषांची मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र पैसे, या अन्यायाविरुद्ध मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' चळवळ उभी राहिली. 'मिळून साऱ्याजणी' या मासिकाने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहांची सोय संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडली. त्या आदेशांचा रोख महानगरपालिकांकडे होता हे खरे; परंतु जगण्याचा अधिकार महानगराच्या वेशीवर संपत नाही, आणि पेण-रोह्याच्या स्त्रीला तो कमी मापाने मिळालेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक इमारतींत स्तनपान व बालसंगोपनाच्या खोल्या असाव्यात, याचा पुरस्कार केला.

तेव्हा नवीन योजनेपेक्षा जुन्या तरतुदींची अंमलबजावणी, आणि तीही हद्दी ओलांडून, हाच खरा उपाय आहे. आमची सूचना साधी आहे : महामंडळ, रेल्वे, नगरपरिषद, महामार्ग आणि आरोग्य खाते यांच्या प्रतिनिधींनी तहसीलदारांच्या पुढाकाराने महिन्यातून एकदा एकत्र पाहणी करावी, इमारत आहे की नाही एवढेच न पाहता दार उघडे आहे का, कडी लागते का, पाणी येते का आणि पैसे कोण घेतो हे नोंदवावे, व तो तक्ता स्थानकावर सर्वांना दिसेल असा लावावा. पाहणीसाठी दिवस निवडावयाचा, तर तो ९ तारखेचाच निवडावा. वाचकांनीही आपल्या गावच्या स्थानकाची अशी पाहणी करून आगारप्रमुखांकडे आणि मुख्याधिकाऱ्यांकडे रीतसर लेखी अर्ज द्यावा, आणि त्याची पोच घेण्यास विसरू नये.

(क्रमशः)