टेप टिकते, ड्राइव्ह टिकत नाही

डेटा साठवण्याच्या एलटीओ टेपची कार्ट्रिज तळहातावर मावते. लांबी-रुंदी जेमतेम दहा सेंटिमीटर, जाडी दोन, आत एकच रीळ. २००० सालची पहिल्या पिढीची आणि २०२१ सालची नवव्या पिढीची कार्ट्रिज शेजारी ठेवली, तर माप तेच. पहिलीत मावतो १०० जीबी डेटा, नववीत १८ टीबी. पिढी ओळखायची तर कडेला चिकटवलेल्या बारकोड लेबलची शेवटची दोन अक्षरं बघायची: एल५, एल६, एल९.

ही दोन अक्षरं वाचायची राहिली की घोटाळा होतो.

एलटीओ हे मानक एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मिळून ठरवलं. तोवर बहुतेक कंपन्यांची टेप वेगळी आणि ड्राइव्हही वेगळा. एकदा घेतला की गिऱ्हाईक त्याच कंपनीच्या दावणीला. एलटीओत मात्र एकाची कार्ट्रिज दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये चालते. हा शब्द आजवर पाळला गेला आहे. अडचण येते ती कंपन्यांमध्ये नव्हे, पिढ्यांमध्ये.

सातव्या पिढीपर्यंत नियम सोपा होता: एक पिढी मागे लिहिता येतं, दोन पिढ्या मागचं वाचता येतं. २०१७ च्या एलटीओ-८ ने तो मोडला. रीड हेडचं तंत्र बदललं आणि हा ड्राइव्ह फक्त एलटीओ-७ पर्यंतच मागे जाऊ लागला. २०२५ चा एलटीओ-१० तर नवव्या पिढीची टेपही वाचत नाही.

यात निव्वळ धंद्याचा डाव नाही. अर्ध्या इंचाच्या पट्टीवर पहिल्या पिढीत ३८४ ट्रॅक होते, नवव्या पिढीत ८,९६० आहेत. इतक्या बारीक रेघेवर हेड नेमकं ठेवण्यासाठी कारखान्यातच टेपवर पाच सर्व्हो पट्टे लिहिलेले असतात. डेटा त्यांच्यामधल्या चार पट्ट्यांत जातो. जुनी टेप कोरी करायची म्हणून कोणी ती डीगॉसरखाली, म्हणजे चुंबकत्व पुसणाऱ्या यंत्राखाली, धरली, तर डेटाबरोबर सर्व्होही पुसला जातो. मग ती कार्ट्रिज कायमची बाद. एलटीओ-९ ची नवी कार्ट्रिज पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिचं माप घेत बसतो, कधी दोन तासांपर्यंत. घाईतल्या माणसाला वाटतं, मशीन अडकलं!

ड्राइव्हने बिट वाचले तरी काम संपत नाही. ते ज्या बॅकअप सॉफ्टवेअरने लिहिले ते हाताशी नसेल, तर फायली बाहेर येणार कशा? २०१० मध्ये एलटीओ-५ बरोबर आलेल्या एलटीएफएस या फाइल सिस्टिमने यावर तोड काढली. टेपचे दोन भाग केले, एकात अनुक्रमणिका, दुसऱ्यात डेटा. आता टेप लावली की फायली पेन ड्राइव्हसारख्या दिसतात.

टेप असून ती वाचणारा ड्राइव्ह नसणं किती महागात पडतं, ते नासाला कळलं. १९६६-६७ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेली चंद्राची छायाचित्रं टेपवर शाबूत होती, पण ती वाचणारे अँपेक्स एफआर-९०० ड्राइव्ह दुर्मीळ झाले होते. नॅन्सी इव्हान्स या नासाच्या अभिलेखपालांनी असे काही ड्राइव्ह वर्षानुवर्षं जपले. २००८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात, बंद पडलेल्या एका मॅकडोनाल्ड्सच्या इमारतीत ते दुरुस्त झाले, तेव्हा कुठे चित्रं बाहेर आली.

एलटीओ टेप नीट ठेवली तर तीस वर्षं टिकते, असं उत्पादक सांगतात. तितकी वर्षं तिला वाचणारा ड्राइव्ह बाजारात मिळेल, असं कोणीच सांगत नाही. म्हणून एलटीओ-१० ची ऑर्डर देणाऱ्यांनी जुना एलटीओ-९ ड्राइव्ह, सगळा डेटा नव्या टेपवर उतरेपर्यंत, भंगारात काढू नये.