धोक्याचे दिवे आणि घटमालेचा हिशेब

रात्रीच्या वेळी महामार्गावर मोटारसायकल बंद पडली, म्हणजे तिच्या स्वारापुढे दोन भये उभी राहतात. पहिले भय मागून येणाऱ्या वाहनांचे. अंधारात उभी असलेली अरुंद गाडी भरधाव ट्रकच्या चालकाला वेळीच दिसेल, याची शाश्वती नसते. म्हणून स्वार एक कळ दाबतो आणि गाडीच्या चारी बाजूंचे पिवळे इंडिकेटर एकदम उघडमीट करू लागतात. यांनाच धोकादर्शक दिवे, किंवा रूढ बोलीत हॅझर्ड लाइट, असे म्हणतात. दुसरे भय मात्र त्या वेळी सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. दोन तासांनी चाकाचे पंक्चर निघते, स्वार निघावयास सिद्ध होतो, सेल्फची कळ दाबतो आणि ‘टक्’ असा एकच आवाज होऊन सर्व शांत होते. ज्या दिव्यांनी त्याचे रक्षण केले, त्यांनीच त्याची पुढची वाट अडविलेली असते.

असे का व्हावे, हे जाणून घेण्यास फार मोठे गणित लागत नाही. शाळेत शिकविले जाणारे विद्युत्‌शास्त्र त्यास पुरेसे आहे.

साठा किती, खर्च किती

मोटारसायकलच्या आसनाखाली किंवा बाजूच्या झाकणाआड जी बॅटरी असते, ती बहुधा शिसे-आम्ल प्रकारची असते. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लाँते याने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून गंधकाम्लात बुडविले आणि पुनःपुन्हा भरता येणारा पहिला विद्युत्‌घट तयार केला. आजची बॅटरी त्याच वंशातील होय. तिच्यात सुमारे २ व्होल्टचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून तिला १२ व्होल्टची घटमाला म्हणतात.

घटमालेचा साठा अँपिअर-तास या मापाने मोजतात. लहान मोटारसायकलची घटमाला ५ अँपिअर-तासांची आहे असे धरू. तिचे इंडिकेटर जुन्या पद्धतीच्या तंतूच्या बल्बांचे असून प्रत्येक बल्ब १० वॅटचा आहे असे समजू. चार बल्ब मिळून ४० वॅट झाले. वॅटला व्होल्टने भागले असता प्रवाह मिळतो; ४० भागिले १२, म्हणजे सुमारे ३.३ अँपिअर. परंतु हे दिवे सतत पेटत नाहीत. मिनिटाला ६० ते १२० वेळा ते उघडमीट करतात आणि साधारणपणे निम्मा वेळ विझलेले असतात. म्हणून सरासरी प्रवाह सुमारे १.७ अँपिअर धरावा. या हिशेबाने ५ अँपिअर-तासांचा साठा तीन तास पुरला पाहिजे.

प्रत्यक्षात तो तितकाही पुरत नाही. मोटारसायकलच्या घटमालेवर लिहिलेला आकडा सामान्यतः दहा तासांत सावकाश काढून घेतलेल्या विजेचा असतो. तीच वीज घाईने काढू लागल्यास साठा कमी भरतो, हा नियम जर्मन शास्त्रज्ञ प्योकर्ट याने १८९७ मध्ये मांडला. शिवाय पुष्कळ गाड्यांत हे दिवे लावण्यासाठी किल्ली फिरवून ठेवावी लागते आणि मग मागचा दिवा व उपकरणफलक यांनाही प्रवाह जात राहतो. घटमाला दोन-तीन वर्षांची जुनी असेल, तर साठा मुळातच उणा झालेला असतो.

साठा असून उपयोग नाही

येथे एक शंका उपस्थित होईल. दोन तासांनंतरही घटमालेत थोडी वीज उरलेलीच असते. दिवेही मंद का होईना, लुकलुकत असतात. मग सेल्फ का लागत नाही?

सेल्फची मोटर इंजिनाला पहिला फेरा देते. त्यासाठी तिला ५० अँपिअर प्रवाह तीन सेकंद लागतो असे धरले, तर एका वेळचा खर्च १५० अँपिअर-सेकंद होतो. दिव्यांनी दोन तासांत वापरलेली वीज सुमारे १२,००० अँपिअर-सेकंद भरते. म्हणजे तेवढ्या विजेत इंजिन ऐंशी वेळा चालू झाले असते! यावरून दिसून येईल, की सेल्फला वीज थोडी लागते, पण ती एकाच दमात लागते.

घटमाला वीज देत असता तिच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचत जाते, गंधकाम्ल खर्ची पडते आणि पाणी निर्माण होते. त्यामुळे तिचा अंतर्गत रोध वाढतो. हा रोध ०.०२ ओहम असताना ५० अँपिअर प्रवाह घेतला, तर दाब १ व्होल्टने उतरतो. हे चालण्यासारखे आहे. तोच रोध ०.०८ ओहम झाला, की दाब ४ व्होल्टने कोसळतो. मग सेल्फचा रिले ‘टक्’ करतो, पण मोटर फिरत नाही. दिव्यांना लागणारा प्रवाह थोडा असल्याने ते मात्र पेटत राहतात आणि स्वाराची फसगत होते.

किक गेली, अवलंबन वाढले

पूर्वीच्या अनेक मोटारसायकलींना या संकटाचे भय नव्हते. त्यांच्या ठिणगीची वीज इंजिनाबरोबर फिरणारा मॅग्नेटोच निर्माण करी. घटमाला पूर्ण उतरली, तरी किक मारून किंवा गाडी ढकलून इंजिन चालू होत असे. पुढे अनेक गाड्यांची किक गेली. १ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी इंधन-प्रक्षेपण यंत्रणा आली. तिचा पंप आणि नियंत्रक विजेवरच चालतात. घटमाला पार उतरलेली असेल, तर अशी गाडी ढकलूनही चालू होईलच असे नाही.

लडाखसारख्या थंड प्रदेशात आणखी एक अडचण असते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते आणि घटमालेची शक्ती घटते. उतरलेल्या घटमालेतील द्रव बराचसा पाण्यासारखा झालेला असल्याने शून्याखाली काही अंशांवरच गोठू शकतो. पूर्ण भरलेल्या घटमालेतील आम्ल मात्र कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही.

कोणती काळजी घ्यावी

प्रकाश देणारे डायोड, म्हणजे एलईडी, वापरल्यास खर्च पुष्कळच कमी होतो. प्रत्येकी २ वॅटचे चार दिवे असतील, तर सरासरी प्रवाह सुमारे ०.३ अँपिअर पडतो. म्हणजे खर्च पाचपट कमी. जुन्या गाडीत एलईडी बसविल्यावर दिव्यांची उघडझाप कित्येकदा अतिशय जलद होते, कारण जुना फ्लॅशर कमी प्रवाहावर बिघडल्यासारखा वागतो. तेव्हा रोधक जोडून हा दोष लपविला जातो. पण वाचलेली वीज त्या रोधकात उष्णतेच्या रूपाने वाया जाते. एलईडीला योग्य असा फ्लॅशर बसविणे हाच खरा उपाय होय.

गाडी बंद पडल्यास प्रथम ती रस्त्याच्या कडेला, शक्य तितकी दूर न्यावी आणि स्वतःही वाहनांच्या मार्गातून बाजूस उभे राहावे. परावर्तकाला वीज लागत नाही. म्हणून मागचा तांबडा परावर्तक स्वच्छ असावा आणि जवळ परावर्तक त्रिकोण असल्यास तो मागे काही अंतरावर ठेवावा. गाडी रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर आली, की धोकादर्शक दिव्यांची गरज उरते काय, याचा विचार करावा. परंतु ती वाहनांच्या मार्गातच अडकली असेल, तर विजेचा हिशेब न करता दिवे चालू ठेवावेत. उतरलेली घटमाला पुन्हा भरता येते. गेलेला जीव परत येत नाही.

इंजिन चालू झाल्यावर ते पाच मिनिटांत बंद करणे युक्त नव्हे. दोन तासांत गेलेले सुमारे ३.३ अँपिअर-तास २ अँपिअरच्या भरणीने परत मिळविण्यास दीड तासाहून अधिक वेळ लागतो. उतरलेली घटमाला दिवसेंदिवस तशीच ठेवली, तर पट्ट्यांवरील सल्फेटचे स्फटिक कठीण होतात आणि पुढे ती पूर्ण भरतच नाही. विश्रांतीनंतर व्होल्टमापकावर सुमारे १२.७ व्होल्ट दिसले, तर घटमाला भरलेली समजावी, १२.२ च्या आसपास ती निम्मी उरते आणि १२ च्या खाली जवळजवळ रिकामी होते. लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वी हा एक आकडा पाहून घेण्यास एक मिनिटही लागत नाही.