उंचावरचा लोहमार्ग व रुळांमधलें अंतर

पुण्यांत ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झालेली मेट्रो पाहतांना सोलापूरच्या प्रवाशास दोन गोष्टी नवलाच्या वाटतात. खांबांवरून जाणाऱ्या त्या मार्गावर खडी नाहीं. आणि रुळांमधलें अंतर मोठ्या आगगाडीच्या मानानें कमी आहे.

खडीचें कारण सोपें आहे. जमिनीवर खडी भार पसरविते व धक्का सोसते. पण तिचें ओझें फार, आणि ती वरचेवर ठोकून सारखी करावी लागते. म्हणून उंचावर रूळ काँक्रीटच्या पायावर घट्ट बसवितात व खालीं लवचिक गादी घालतात.

अंतराचें एक कारण वळणांत आहे. शहरांतला रस्ता वळेल तसें मार्गासही वळावें लागतें. वळणावर बाहेरचा रूळ आंतल्यापेक्षां लांब असतो. पण दोन्ही चाकें एकाच आंसास जखडलेलीं असल्यामुळें सारखेच फेरे घेतात. मग बाहेरचें चाक अधिक अंतर कसें काटणार? त्यासाठीं चाकाचा घेर एका बाजूस किंचित् निमुळता ठेवलेला असतो. वळणावर आंस बाहेर सरकतो, आणि बाहेरचें चाक मोठ्या घेरावर, तर आंतलें लहान घेरावर चालतें. वळण फार तीव्र असेल तर ही युक्ति पुरत नाहीं. चाक घसरून किंचाळतें व रूळ झिजतो.

काटकोनांत वळतांना हा फरक किती? वळण मोठें असो वा लहान, उत्तर एकच: रुळांमधल्या अंतराच्या सुमारें १.५७ पट. मोठ्या गाडीच्या १६७६ मिलिमीटर मापास तो २.६३ मीटर येतो, मेट्रोच्या १४३५ मापास २.२५, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या ७६२ मापास अवघा १.२०. अरुंद मापास वळण सोपें तें यामुळें.

परंतु या सोयीचें मोलही द्यावें लागतें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शीची गाडी १८९७ सालीं सुरू झाली. माप लहान म्हणून खर्च कमी झाला. पण कुर्डुवाडीस माणसांनीं गाडी बदलावयाची आणि मालाचें पोतें न्‌ पोतें एका डब्यांतून दुसऱ्यांत टाकावयाचें, हा क्रम पडला. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तो मार्ग टप्प्याटप्प्यानें रुंद करण्यांत आला, तेव्हां ही अडचण मिटली.

मेट्रोचा डबाही सोलापूरच्या रुळांवर येऊं शकणार नाहीं. मात्र प्रवासी आपल्या पायांनीं गाडी बदलतो. पोत्यास पाय नसतात. मार्गाचें माप ठरवितांना त्यावरून काय जाणार, हें आधीं पाहावें लागतें, तें याकरितांच.